पांढरं गाजर, बावची आणि ऊन

गाजर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. तेच गाजर पांढरट पिवळ्या रंगाचं, देठाशी चांगलं जाड आणि टोकाला एकदम निमुळतं असं डोळ्यांपुढे आणा. ते झालं पार्स्निप. आपल्या मंडईत ते सहसा दिसत नाही आणि मराठीत त्याला स्वतःचं नावही नाही. युरोपात मात्र ही फार जुनी भाजी आहे. अमेरिकेतून बटाटा यायच्या आधी आणि साखर स्वस्त व्हायच्या आधी तिथल्या सामान्य माणसाचं पोट पार्स्निपनं भरलं आणि त्याची गोडाची हौसही भागवली. थंडीचा कडाका पडला, की जमिनीतल्या या मुळातल्या पिष्टाची साखर होते. म्हणून जुने शेतकरी हिम पडून गेल्याशिवाय ते उपटत नसत. इंग्लंडात आजही नाताळच्या जेवणात भाजलेल्या पार्स्निपला मान आहे.

हे सगळं ऐकून पार्स्निप फार परकं वाटेल. पण त्याचं गणगोत आपल्या स्वयंपाकघरातच आहे. छत्रीसारखा फुलोरा येणारं हे कूळ. कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, हिंग आणि अर्थात गाजर ही सगळी त्याची भावंडं. आपल्या मिसळणाच्या डब्यातली बरीच मंडळी याच घराण्यातली आहेत. या कुळाला वास आणि चव देणारी रसायनं भरपूर. त्यातली काही औषधी, काही निरुपद्रवी आणि काही अशी, की त्यांच्याशी जपूनच वागावं.

माझी भाची लग्नानंतर इंग्लंडात गेली. घरामागच्या वाफ्यात तिनं हौसेनं पार्स्निप लावलं. जुलै महिन्यात, तिकडे क्वचित पडतं तसं लख्ख ऊन होतं. बाह्या वर सारून तिनं वाफा साफ केला, वाढलेला पाला कापला. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात चुरचुरायला लागले. तिसऱ्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्यासारखे फोड, आणि तेही रेघारेघांनी, कुणी पळीनं ओढल्यासारखे. डॉक्टरांनी हात बघितले आणि विचारलं, "बागेत काय कापलंत?" मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून मग मला फोन. म्हणाली, "मामा, ज्याचा पाला हाताला लागून माणूस भाजतो, त्याचं मूळ आम्ही खातो ते कसं? पोरांना देऊ की नको?"

प्रश्न अगदी रास्त होता. आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे. आणि गंमत अशी, की ते उत्तर इंग्लंडातल्या वाफ्यातून निघून आपल्या बावचीपर्यंत येऊन पोहोचतं.

पार्स्निपच्या पाल्यात, देठात, बियांत आणि थोड्या प्रमाणात मुळातही फ्युरोकुमारिन नावाच्या गटातली रसायनं असतात. सोरालेन, झँथोटॉक्सिन, बर्गाप्टेन ही त्यातली मुख्य नावं. यातलं 'सोरालेन' हे नाव बावचीवरून आलेलं आहे. बावचीचं शास्त्रीय नाव सोरालिया कोरिलिफोलिया. १९३३ साली जोईस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून हे द्रव्य वेगळं काढलं आणि वनस्पतीचंच नाव त्याला मिळालं.

हे द्रव्य करतं काय? आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो. पीळ दिलेल्या लांबलचक शिडीसारखी त्याची रचना असते. सोरालेनचा रेणू चपटा आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये कागद सरकावा, तसा तो या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये जाऊन बसतो. अंधारात त्यानं फारसं काही बिघडत नाही. तो येतो आणि जातो. पण त्यावर सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पडले, त्यातही ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे, ज्यांना यूव्हीए म्हणतात ते, की हा रेणू पायरीतल्या थायमिन या घटकाला पक्का जोडला जातो. काही वेळा तर तो दोन्ही बाजूंना जोडला जातो. मग शिडीचे दोन्ही खांब एकमेकांना टाचले जातात. पेशीला आपली नक्कल काढायची तर ही शिडी मधोमध उसवावी लागते. टाचलेली शिडी उसवत नाही. पेशी अडते आणि मरते. अशा असंख्य पेशी एका जागी मेल्या, की त्वचेवर फोड येतो.

म्हणजे नुसत्या रसानं भाजत नाही आणि नुसत्या तेवढ्या उन्हानंही भाजत नाही. दोन्ही एकत्र यावे लागतात. फोड उशिरा येतात, साधारण एक ते तीन दिवसांनी, म्हणून माणसाला बागेतलं काम आठवतही नाही. आणि देठ जिथे जिथे घासले गेले, तिथेच ते येतात, म्हणून त्या रेघा. ही ॲलर्जी नव्हे. ॲलर्जी कुणाला असते, कुणाला नसते. हा प्रकार कुणालाही, पहिल्याच खेपेला होऊ शकतो. फोड बरे झाले, तरी त्या जागी तपकिरी डाग कित्येक आठवडे, कधी महिनेही राहतात. त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशी या धक्क्यानं जास्त काम करू लागतात, त्याचा तो परिणाम. हा डाग लक्षात ठेवा. औषधाची सगळी गोष्ट त्यातूनच सुरू होते.

आपल्याकडे पार्स्निप नाही, पण हा अनुभव आहे. कागदी लिंबाच्या सालीत हीच रसायनं असतात. भर उन्हात बसून लिंबं पिळली आणि हात धुतले नाहीत, तर असेच डाग पडू शकतात. अंजिराच्या चिकातही सोरालेन आणि बर्गाप्टेन असतं. अंजिराच्या बागेत काम करणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, ते एवढ्यासाठीच. रस लागलाच, तर लगेच साबणानं धुवावं आणि तो भाग पुढचे दोन दिवस उन्हापासून झाकून ठेवावा.

आता झाडानं हा उद्योग कशासाठी करावा? माणसाला भाजण्यासाठी नक्कीच नाही. झाड पळू शकत नाही. अळी आली, बुरशी आली, तर जागेवर उभं राहूनच त्याला तोंड द्यायचं असतं. फ्युरोकुमारिन हे त्याचं हत्यार आहे. पान कुरतडणारी अळी ते खाते आणि उन्हात हिंडते, मग तिच्याही पेशी टाचल्या जातात.

पण निसर्गात हत्याराला ढाल निघतेच. पार्स्निपच्या फुलोऱ्यावर रेशमी जाळं विणून राहणारी एक अळी आहे. झाडाच्या ज्या भागात विष सर्वांत जास्त, तोच भाग, म्हणजे फुलं आणि कच्च्या बिया, ती खाते. तिच्या शरीरातली विकरं हे विष मोडून टाकतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या मे बेरेनबॉम आणि आर्थर झँगर्ल यांनी या जोडीचा अनेक वर्षं अभ्यास केला. युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी पार्स्निप आपल्याबरोबर अमेरिकेत नेलं. ते बागेतून निसटलं आणि रस्त्याकडेला रानटी होऊन माजलं. तिथे सुरुवातीला ही अळी नव्हती. ती मागाहून, एकोणिसाव्या शतकात पोहोचली. या दोघांनी वनस्पतिसंग्रहालयांत जपून ठेवलेले दीडशे वर्षांतले वाळलेले नमुने तपासले आणि २००५ साली निष्कर्ष मांडला. अळी येण्यापूर्वीच्या झाडांत विष कमी होतं, ती आल्यानंतरच्या झाडांत ते वाढलेलं होतं. शत्रू नव्हता तेव्हा झाडानं हत्यार बोथट होऊ दिलं. शत्रू आल्यावर पुन्हा धार लावली.

असं उदाहरण आपल्या कुंडीतही आहे. लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार होणारी अळी तुम्ही पाहिली असेल. तिचं पुढे काळं-पिवळं फुलपाखरू होतं. ऑस्ट्रेलियात याच जातीच्या अळ्या बावचीच्या जवळच्या नात्यातल्या झुडपांवर वाढतात. लिंबू आणि बावची ही अगदी वेगळ्या कुळांतली झाडं. पण दोघांकडे फ्युरोकुमारिन आहे आणि अळीला ते पचवता येतं.

आता भाचीच्या प्रश्नाकडे वळू. खायचं की नाही?

१९८१ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केलं, की पार्स्निपच्या मुळात किलोमागे सुमारे ४० मिलिग्रॅम सोरालेन गटातली द्रव्यं आहेत आणि उकडून किंवा मायक्रोवेव्हमध्ये शिजवून ती नष्ट होत नाहीत. पुढे २००२ साली जर्मन संशोधकांनी यात महत्त्वाची भर घातली. अगदी ताज्या मुळात हे प्रमाण किलोला अडीच मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतं. फ्रिजमध्ये साठवून ठेवलं, की ते सुमारे ४० पर्यंत चढतं. आणि बुरशी लागलेल्या मुळात ते ५०० मिलिग्रॅमच्याही वर जातं. कारण उघड आहे. जमिनीतून उपटलं, तरी मूळ जिवंतच असतं. बुरशीची चाहूल लागताच ते आपलं विष भराभर तयार करू लागतं.

या आकड्यांचा अर्थ लावायला एक ढोबळ हिशेब करू. त्वचारोगात याच गटातल्या औषधाची गोळी साधारण शरीराच्या दर किलो वजनाला ०.६ मिलिग्रॅम या मानानं देत आले आहेत. साठ किलोच्या माणसाला सुमारे ३६ मिलिग्रॅम. आता पार्स्निपची २०० ग्रॅम भाजी खाल्ली असं धरा. मूळ ताजं असेल, तर पोटात अर्धा मिलिग्रॅम जाईल. फ्रिजमध्ये साठवलेलं असेल, तर आठ मिलिग्रॅम. आणि बुरशी आलेलं असेल, तर शंभर मिलिग्रॅम, म्हणजे औषधाच्या मात्रेच्या जवळजवळ तिप्पट. भाजी तीच, ताट तेच. पण एकात औषधाच्या मात्रेचा सत्तरावा भाग आणि दुसऱ्यात तिप्पट मात्रा.

म्हणून भाचीला सांगितलं, पोरांना खुशाल दे. पण ताजं आण, साल काढ, महिना-दीड महिना साठवू नकोस. आणि मऊ पडलेलं, बुरशी आलेलं मूळ असेल, तर कुजका भाग कापून उरलेलं वापरण्याची आपली काटकसरीची सवय इथे सोड. ते सरळ कचऱ्यात टाक. पाला कापायचा तर संध्याकाळी, हातमोजे घालून.

पार्स्निपमध्ये एवढंच नाही. त्यात मिरिस्टिसिन आहे. आपल्या जायफळातलं हेच ते द्रव्य. १९६३ साली लिक्टेनस्टाइन आणि कॅसिडा या संशोधकांनी पार्स्निपच्या खाण्याच्या भागातून ते वेगळं काढलं, ते नैसर्गिक कीटकनाशक म्हणून. श्रीखंडात जायफळ चिमूटभर घालतात. तेच चमचे भरभरून खाल्लं, तर छातीत धडधडतं आणि भास होतात, हे जाणकारांना ठाऊक आहे. गाजरात आणि पार्स्निपमध्ये फाल्कारिनॉल नावाचंही एक द्रव्य असतं. २००५ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात गाजरामुळे आणि नुसत्या फाल्कारिनॉलमुळेही मोठ्या आतड्यातल्या कर्करोगाच्या पूर्वखुणा कमी झालेल्या दिसल्या. उंदरावरून माणसाबद्दल बोलण्याची घाई नको. पण भाजीत जसं जपण्यासारखं काही असतं, तसं उपकारकही असू शकतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता त्या तपकिरी डागाकडे येतो. ज्या रसानं त्वचा काळवंडते, तो रस कोडाच्या पांढऱ्या डागावर लावला तर? हा विचार फार जुन्या काळी दोन देशांत झाला. आपल्याकडे आयुर्वेदानं श्वित्रावर, म्हणजे कोडावर, बाकुची सांगितली. ती म्हणजेच आपली बावची. आणि नाईलच्या खोऱ्यात अम्मी माजुस ही वनस्पती वापरात होती. ही पार्स्निपच्याच कुळातली. तेराव्या शतकातल्या इब्न अल् बैतार या वनस्पतिज्ञानं ती देऊन रोग्याला उन्हात बसवण्याची रीत लिहून ठेवली आहे. १९४७ साली इजिप्तच्या फहमी आणि अबू शादी यांनी तिच्यातून झँथोटॉक्सिन वेगळं काढलं. पाठोपाठ कैरोच्या डॉ. एल मोफ्टी यांनी ते कोडाच्या रोग्यांवर वापरलं. पार्स्निपच्या मुळात असतं, तेच हे द्रव्य.

१९७४ साली अमेरिकेत पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅननबॉम आणि पाठक यांनी सोरायसिसवर हीच युक्ती मोजूनमापून वापरली. आधी गोळी आणि मग दिव्याखाली ठरावीक यूव्हीए. सोरालेन आणि यूव्हीए मिळून या उपचाराला 'पूवा' म्हणू लागले. हजारो रोग्यांची त्वचा त्यानं निवळली. १९८७ पासून तर रोग्याचं रक्त बाहेर काढून, त्यातल्या पांढऱ्या पेशींना हे औषध आणि प्रकाश देऊन ते परत शरीरात सोडण्याची पद्धतही त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगावर वापरात आली.

पण डीएनए टाचण्याची किंमत असतेच. पूवा दीर्घकाळ घेतलेल्यांमध्ये त्वचेचा कर्करोग वाढलेला आढळला. झँथोटॉक्सिन आणि यूव्हीए यांची जोडी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली आहे. त्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी पूवाऐवजी ठरावीक तरंगलांबीच्या यूव्हीबी किरणांचा उपचार केला जातो. त्याला सोरालेन लागत नाही.

हे मी एवढ्या तपशिलानं सांगतो, त्याला कारण आहे. आपल्याकडे कोड म्हटलं, की अजून घरं गप्प होतात. तो संसर्गजन्य नाही, त्याचा महारोगाशी संबंध नाही, हे कितीदा सांगितलं, तरी लग्नाच्या बोलण्यांत तो आडवा येतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ साली 'नितळ' हा चित्रपट याच विषयावर काढला. अशा दबावाखाली असलेला माणूस, विशेषतः मुलगी, कुणाला न सांगता बावचीचं तेल आणते, डागांवर चोपडते आणि गच्चीवर उन्हात बसते. झाडपाल्याचं आहे, अपाय कसला, असं तिला वाटतं. तेलात सोरालेन किती, हे तिला माहीत नसतं. बियाणागणिक ते बदलतं. ऊनही सकाळचं निराळं, दुपारचं निराळं. कोडाच्या जागी त्वचेचं रक्षण करणारा रंगच नसतो. मग भाचीच्या हातावर जे झालं, तेच तिच्या चेहऱ्यावर होतं. बावची पोटात घेतल्यावर यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

बावचीची बदनामी करण्याचा माझा हेतू नाही. १९६६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मेहता, नायक आणि सुखदेव यांनी याच बियांतल्या बाकुचिऑलची ओळख पटवली. आज ते जगभरच्या क्रीममध्ये वापरलं जातं. ते फ्युरोकुमारिन नव्हे. सोरालेन काढून टाकून शुद्ध केलेलं बाकुचिऑल आणि घरचं बावचीचं तेल या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नावावरून त्यांची गल्लत करू नका.

जाता जाता, रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ग्रेपफ्रूटमध्ये आणि आपल्या पपनसात याच कुळीची फ्युरोकुमारिनं असतात. त्यांना ऊन लागत नाही. आतड्यात औषधं मोडणारं एक विकर ती बंद पाडतात. मग फेलोडिपिन, सिमव्हास्टॅटिन यांसारख्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि एका गोळीचा परिणाम अनेक गोळ्यांसारखा होऊ शकतो. कॅनडातले डॉ. डेव्हिड बेली यांच्या लक्षात हे आलं, ते १९८९ च्या सुमारास, दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरल्यामुळे. गणपतीत पपनस खाण्यापूर्वी आपली गोळी यातली आहे का, हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

'नैसर्गिक' हा शब्द वस्तू कुठून आली, एवढंच सांगतो. ती आपल्याला काय करील, हे त्यात नसतं. ते ठरतं मात्रेवर, आपल्या शरीरावर, सोबत घेतलेल्या औषधावर आणि सोरालेनच्या बाबतीत उन्हावरही. हे ऊन कुणी तोलून दिलेलं नसतं, पण इथे ते औषधाचाच भाग असतं. तेव्हा तुमच्या घरात कुणी डागांवर बावचीचं तेल लावत असेल, तर रागावू नका. आज त्यांना उन्हात बसू देऊ नका आणि तेलाची बाटली बरोबर घेऊन त्यांच्यासोबत त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.